माळ नाही, पण वडिलांसोबत वारीला चालायचंय. काय करावं?

भीमाकाठचा

मूळ गाव इंदापूर तालुक्यात, नोकरी पुण्यात, वय ३९. घर तीन पिढ्यांचं माळकरी. दादा (माझे वडील) आमच्या दिंडीत वीणेकरी. वय ७२. देहू ते पंढरपूर एकेचाळीस वाऱ्या झाल्यात. कोरोनाची दोन वर्षं ते धरत नाहीत. "ती वारी पादुकांनी यष्टीनं केली, म्या न्हाई केली," म्हणतात.

माझ्या गळ्यात माळ पडली नवव्या वर्षी, गावच्या सप्ताहात, काल्याच्या दिवशी. तेव्हापासून मटण-अंडं नाही, एकादशी आणि संध्याकाळचा हरिपाठ. बारावीपासून दर आषाढीला निदान चार मुक्काम तरी चालायचो. हे सांगतोय ते अशासाठी, की मी कडेला उभा राहून वारी बघणाऱ्यांतला नव्हतो. पखवाजाच्या डाव्या हाताला तिसरा टाळ माझा असायचा.

मग २०२० आलं. शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच वारीचे दिवस मी घरात बसून काढले, लॅपटॉपसमोर. करमत नव्हतं. यवतचं पिठलं-भाकरी आठवायचं, काटेवाडीला पालखीभोवती पळणाऱ्या मेंढ्या आठवायच्या, बेलवाडीच्या रिंगणातली माती आठवायची. सगळं आठवायचं, आणि एका रात्री लक्षात आलं की पांडुरंगाची आठवण आलेलीच नाही. एकदाही नाही. मला धक्का वगैरे बसला नाही. खिशात हात घालावा आणि किल्ली नाही असं कळावं, तसं झालं. आणि मग जरा मागं जाऊन बघितलं तर किल्ली बऱ्याच वर्षांपूर्वीच पडलेली असावी.

तरी माळ होती. २०२२च्या फेब्रुवारीत मानेचा एमआरआय काढायचा होता. माळ तांब्याच्या तारेत ओवलेली, म्हणून तिथल्या मुलानं काढायला लावली. शर्टाच्या खिशात ठेवली. घरी आल्यावर घालायची राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली. आठवड्यानं कळलं की ती राहिलेली नाही, मी घालत नाहीये. चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवली. अजून तिथंच आहे.

गावाला कळायला पाडवा लागला. विहिरीवर अंघोळीला उतरलो, एवढंच निमित्त.

कुणी भांडलं नाही, घराबाहेर काढलं नाही. चुलत्यांनी गोठ्यामागं नेलं आणि तंबाखू मळत विचारलं, "खातूस का?"
म्हटलं, "नाही."
"पितूस?"
"नाही हो."
जरा थांबले. "बाहेरचं काय लफडं?"
"काका!"
"मग काढली कशापायी?"
माझ्याकडं उत्तर होतं, पण ते त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. माळ काढायची म्हणजे मटणासाठी नाहीतर दारूसाठी, तिसरं कारण आमच्याकडं नाहीच. मी आजतागायत अंडं खाल्लेलं नाही. खाल्लं असतं तर बरं झालं असतं असं कधीकधी वाटतं. लोकांना कारण तरी सापडलं असतं. (तंबाखू माळेला चालते, हे जाता जाता.)

नंतर जे झालं ते इतकं बारीक आहे की तक्रार करावी तर वेड्यात काढतील.

वारीत सगळेच माउली असतात. बंदोबस्ताचा पोलीस माउली, टँकरवाला माउली, चप्पल शिवून देणारा माउली, मागून ढकलून पुढं गेलेलाही माउलीच. मी "साहेब" झालो. दिंडीतली माणसं घरी आली की दादांच्या पाया पडतात, दादा त्यांच्या पडतात, माझ्या आठ वर्षांच्या मुलीच्यासुद्धा पाया पडतात. माझ्यापाशी आले की हात जोडतात. "काय साहेब, कसं काय पुणं?" अत्यंत अदबीनं.

सप्ताहात वीणेचा पहारा असतो, दिवसरात्र वीणा खाली ठेवायची नसते. पहाटे दोन ते चार हा माझा पहारा होता, कुणाला नको असतो म्हणून तरण्या पोरांना मिळतो. फलकावरून माझं नाव गेलं. हे मला मान्य आहे, माळ नसलेल्याच्या गळ्यात वीणा देत नाहीत. पण वर्गणीच्या यादीत नाव जसंच्या तसं आहे! पाच हजार एकची पावती वेळेवर येते.

माझ्या शेजारी टाळ घेऊन उभा राहायचा तो माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याला इथं बाळू म्हणतो. तो रोज पहाटे साडेपाचला व्हॉट्सॲपवर विठ्ठलाचा फोटो टाकायचा, खाली गुलाबाची फुलं. मला वैताग यायचा, दोनदा म्यूट केला होता. आता येत नाही. त्यानं मला यादीतून काढलंय. साडेपाचला जाग येते आणि मी फोन बघतो.

आई एकादशीला फोन करते. पूर्वी विचारायची, "उपास धरलास का?" आता विचारते, "जेवलास का?"

दादा तर काहीच बोलले नाहीत. चार वर्षांत एक शब्द नाही.

आता प्रश्न. दादांचा उजवा गुडघा गेलाय. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, ते "आषाढी झाल्यावर" म्हणतात. सोबत घरचं माणूस असल्याशिवाय सोडायचं नाही असं आईनं ठरवलंय, आणि घरचं माणूस म्हणजे मीच. भाऊ दुबईला. मला जायचंय. खरंच जायचंय, दादांसाठी आणि माझ्यासाठीही. दिंडीच्या महाराजांना आईनं विचारलं तर निरोप आला, "यायला ना नाही, माळ घालून यावं." आई म्हणते, घाल की अठरा दिवस, कुणाचं काय जातंय, आल्यावर काढून ठेव.

घालू का? तुमच्यापैकी कुणी असं काही केलंय का?

कोथरूडकर_७२

घाला की. वजन किती असेल, वीस ग्रॅम? ऑफिसात आयडी कार्ड घालताच ना गळ्यात, त्या कंपनीवर काय तुमची श्रद्धा असते?

भीमाकाठचा

हसलो. पण आयडी कार्ड घालताना मी शपथ घेतली नव्हती.

विवेकी

अजिबात घालू नका. तुमच्या बाबतीत जे चाललंय त्याला सौम्य शब्दांत का होईना, वाळीत टाकणंच म्हणतात. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, २०१६ सालचा, ३ जुलै २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लोकांना वाटतं तो फक्त जातपंचायतींसाठी आहे. धार्मिक विधीत, समारंभात भाग घेण्यापासून अडवणं हेही त्यात येतं.

आणि जरा इतिहास आठवा. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती पुण्यात. हमीद दलवाईंनी आपल्यावर धार्मिक अंत्यविधी करू नयेत, दहन करावं असं सांगून ठेवलं होतं, १९७७ साली ते पाळलंही गेलं. दाभोलकरांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ही माणसं "अठरा दिवस घालतो आणि काढून ठेवतो" म्हणाली असती तर?

मुलीचा शाळेचा फॉर्म भरताना धर्माचा रकाना रिकामा ठेवा. धर्म लिहायची सक्ती सरकार करू शकत नाही असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलंय. तिथून सुरुवात करा.

भीमाकाठचा

विवेकी, तुमचा मुद्दा समजतो, पण मी कुणावर कलम लावू? आईवर? "साहेब" म्हटल्याबद्दल केस होत नाही.

आणि आगरकरांचं म्हणाल तर त्यांच्याच घरात यशोदाबाईंचा देवधर्म चालू होता, त्याच्या आड ते आले नाहीत असं वाचलंय. मला त्यांचं तेच जास्त अवघड वाटतं. प्रेतयात्रा बाहेरची माणसं काढतात. सकाळचा चहा घरातल्या माणसाबरोबर प्यायचा असतो.

विवेकी

ठीक. कलमाचं राहू द्या. पण खोटी माळ घालू नका, एवढ्यावर मी ठाम आहे.

पारावरचा_गुरुजी

मी माळकरी आहे, हे आधी सांगतो. परभणी जिल्हा, निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ६८. आमची वाट वेगळी, पण पोहोचायचं एकाच ठिकाणी. विवेकी यांच्याशी माझं आयुष्यात कधी पटलं नसतं, पण या एका गोष्टीत त्यांच्या बाजूनं आहे. खोटी माळ घालू नका. कारण मात्र माझं वेगळं.

तुमच्या आई म्हणतात कुणाचं काय जातंय. तुमच्या वडलांचं जातंय. अठरा दिवस पोराच्या गळ्यात माळ बघायची आणि मनात ठाऊक असायचं की एकोणिसाव्या दिवशी ही चष्म्याच्या डबीत जाणार. वीणा घेऊन चालणाऱ्या माणसाला याच्याइतका छळ दुसरा नाही. आमच्या गावात एकजण सरपंचकीला उभा राहायचा तेव्हा माळ घालायचा, निकाल लागला की काढायचा. न घालणाऱ्याला कुणी काही म्हणत नव्हतं. त्याला मात्र पोरंसोरं "हंगामी" म्हणायची.

आता दुसरं. माझ्या थोरल्यानं २००९ साली माळ काढली. तो खायला लागला, म्हणजे माझ्याकडं कारण होतं. पण तेव्हा काय वाटलं ते सांगतो, कारण तुमचे वडील सांगणार नाहीत. राग नाही येत हो. लाजही दोन महिने, मग लोक विसरतात. वाटतं ते असं, की मी मेल्यावर माझा वीणा, माझी पोथी, माझी दिंडीतली जागा हे सगळं कुणाच्या हवाली करायचं? पोरगं चांगलं आहे, पैसे पाठवतं, दवाखान्यात नेतं. पण जे मी आयुष्यभर साठवलं तेच त्याला नको आहे. आणि नको म्हणताना त्यानं मला दुखवलंसुद्धा नाही, म्हणून भांडायचीही सोय राहिली नाही. मी तीन वर्षं त्याच्याशी ऊस, पाऊस आणि क्रिकेट एवढंच बोललो.

तुमच्या दिंडीतल्या लोकांना माझं सांगणं वेगळं आहे. ज्ञानोबांचे वडील संन्यास मोडून घरी आले म्हणून आळंदीनं त्यांना वाळीत टाकलं. चार लेकरांना संन्याशाची पोरं म्हणून शुद्धिपत्रासाठी पैठण गाठावं लागलं. चोखोबांना देवळात घेतलं नाही, त्यांची समाधी महाद्वाराबाहेर, पायरीपाशी आहे. ज्यांना बाहेर उभं केलं त्यांच्या जिवावर आपला संप्रदाय उभा राहिला, आणि आपण एका पोराला माउली म्हणायला कचरतो, हे मला पटत नाही. हे मी माझ्या दिंडीतही बोललोय. एकानं उत्तर दिलं, "गुरुजी, ते संत होते, हे इंजिनियर आहेत." काय बोलणार?

पण भीमाकाठचे, एक विचारतो, राग मानू नका. ते हात जोडतात, पाया पडत नाहीत, असं लिहिलंत. तुम्ही पडता का?

भीमाकाठचा

गुरुजी, कालपासून तीनदा उत्तर लिहून खोडलं.

नाही पडत. २०२२च्या पाडव्यापासूनच नाही. विहिरीवरून परत आलो तेव्हा ओट्यावर दिंडीतले दोघं बसले होते. एरवी मी वाकलो असतो, सवयीनं. त्या दिवशी वाटलं, आता माळ नाही, तर हे ढोंग होईल. नुसतं "नमस्कार" म्हटलं आणि आत गेलो. म्हणजे पहिला हात मीच जोडला. हे मला आज आठवलं, तुम्ही विचारल्यावर. चार वर्षं मी ही गोष्ट उलट सांगत होतो.

कोथरूडकर_७२

अरे वा. इथं पहिल्यांदाच कुणी "माझं चुकलं" म्हणताना बघतोय.

भीमाकाठचा

चुकलं असं नाही म्हणालो. क्रम उलटा लागला होता, एवढंच म्हणालो. बाळूनं मला यादीतून काढलं, ते मी केलेलं नाही.

वसईची_पोर

इतके दिवस नुसती वाचत होते. लिहिते.

आम्ही वसईचे, कॅथलिक. आमचं बोलणं, गाणी, प्रार्थना सगळं मराठीतच. माझी एक मावशी सिस्टर आहे, चुलतभाऊ फादर. मी सव्विसाव्या वर्षी थांबले. म्हणजे घरी असले तर देवळात जाते, पण ख्रिस्तप्रसाद घेत नाही.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मिस्साच्या, म्हणजे देवळातल्या उपासनेच्या, शेवटी शेवटी सगळे ख्रिस्तप्रसाद घ्यायला बाकावरून उठून रांगेत पुढे जातात. बसून राहिलात की तुमच्या गुडघ्यांवरून अख्खा बाक पार होतो. पाय आखडून घ्यावे लागतात. आत्या जाते, तिची सून जाते, शेजारचे अंकल जातात, पहिल्या कम्युनियनला नुकतं बसलेलं पोरगं जातं आणि वळून बघतं. आणि मग सगळे त्याच वाटेनं परत येतात, डोळे मिटलेले, हात जोडलेले. कुणी काहीच म्हणत नाही. त्या पाच मिनिटांत माझे गुडघे साऱ्या गावाला पाठ झालेत.

घरी काय झालं? आईनं नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, धरली. ती अजून चालू असावी. पप्पा माझ्याशी आधीपेक्षा जास्त बोलायला लागले, ते मला फार उशिरा कळलं. नाताळात घरोघरी ताटं जातात, आमच्या आळीत माझ्या हातानं ताट पाठवणं मात्र आईनं बंद केलं. धाकट्या बहिणीकडे ते काम गेलं. भाच्याच्या बाप्तिस्म्याला गॉडमदर मी होणार हे लहानपणापासून ठरलेलं होतं, तिथं दुसरं कुणी आलं. ते बरोबरच होतं. जे मी मानत नाही ते मुलाला शिकवीन असं वचन मी कुठल्या तोंडानं देणार? तरी त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच कांदा चिरत बसले.

तीन वर्षांपूर्वी पप्पा गेले. अंत्यविधीच्या मिस्सासाठी पहिलं वाचन कोण करणार, यावर आई म्हणाली, "तिचा आवाज चांगला आहे, त्यांना आवडायचा." म्हणजे माझा. सगळ्या खोलीत शांतता. चुलतभाऊ फादर आहे ना, तो म्हणाला, "काकी म्हणते तर करू दे."

मी वाचलं. पप्पांना आवडायचा तो उतारा होता आणि पप्पांसाठीच वाचायचा होता. पण नंतर ख्रिस्तप्रसादाला उठले नाही, बसूनच राहिले. शवपेटी समोर होती तरी बसून राहिले. वाचनात मी कुणाला काही कबूल करत नव्हते. तिथं उठले असते तर ते कबूल करणं झालं असतं. मी रेघ तिथं मारली. दुसऱ्या कुणाची दुसरीकडे असेल.

तुमची रेघ कुठे आहे ते तुम्हालाच माहीत. पण तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये माळेइतकंच टाळाबद्दलही लिहिलंय, ते मी दोनदा वाचलं.

पारावरचा_गुरुजी

ताई, तुमच्या पप्पांना नमस्कार.

भीमाकाठचे, व्यवहाराचं सांगतो. दिंडीत चालायला दिंडीचे नियम. तो दिंडीचा हक्क आहे, त्यावरून वाद घालू नका. पण रस्ता दिंडीचा नसतो. कितीतरी लोक कुठल्याच दिंडीत नसतात, मोकळे चालतात. कोण जेवायला वाढतंय तिथं जेवायचं, शाळेच्या ओसरीवर पडायचं. तुम्ही दिंडीच्या मागं पन्नास पावलांवर चाला. वडील वीणा घेऊन पुढं, तुम्ही मागं. गुडघा दुखला तर पन्नास पावलं किती लांब आहेत? जेवणाची भिशी भरायची की नाही तेवढं दिंडीला विचारून घ्या, नाहीतर तुमचं नाव परत फक्त पावतीवर राहायचं.

आणि सगळे अठरा दिवस धरू नका. त्यांचा गुडघा सगळी वाट काढणार नाही. हे त्यांना कळतंय, पण ते म्हणणार नाहीत. बेलवाडीचं रिंगण किंवा सराटीचं नीरास्नान, तिथून पुढं धरा.

भीमाकाठचा

उशिरा लिहितोय. मधे गावाला जाऊन आलो.

शनिवारी रात्री जेवण झाल्यावर दादा ओसरीवर बसले होते, गुडघ्याला तेल लावत. मी तेल घेतलं आणि लावायला बसलो. (हेही चार वर्षांत पहिल्यांदा. कुणी मनाई केली नव्हती.) म्हटलं, दादा, मी येतो, पण माळ घालून येणार नाही. आई आतून म्हणाली, झालं. दादांनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "घालू नगंच. तुझी आई खुळी हाय."

मी गप्प.

"म्या महाराजाला म्हन्लं हुतं, त्याला माळ घालाय लावू नका. त्यो खोटं घालायचा न्हाई आन् घातली तर मला बघवायची न्हाई." म्हणजे तो निरोप आला त्याच्या आधीच त्यांचं बोलणं झालेलं होतं. महाराजांनी ऐकलं नाही एवढंच. चार वर्षं मला वाटत होतं की दादा माझ्यावर गप्प आहेत. आता वाटतंय ते बाहेर बोलत असावेत.

गुरुजींचं पन्नास पावलांचं सांगितलं. बेलवाडीपासून पुढं, हेही. त्यावर ते हसले, "पंचवीस कर. पन्नासावर टाळ ऐकू येत न्हाई." मला आधी कळलं नाही. मग म्हणाले, "तुजा टाळ माळ्यावर हाय, पोत्यात. दोरी कुजली आसंल, ती बदल."

म्हटलं, दिंडीच्या मागं टाळ वाजवला तर दिंडी काय म्हणेल?

"रस्ता काय दिंडीच्या बापाचा हाय व्हय?"

रविवारी सकाळी निघताना दिंडीतले एक काका आले, त्या पाडव्याला ओट्यावर बसलेल्यांपैकीच. मी वाकलो. कमरेत जरा अवघडल्यासारखं झालं, सवय गेलीय. त्यांनी पाय मागं घेतले, मग परत पुढं केले, मग स्वतः अर्धवट वाकले आणि मधेच थांबले, कारण माझं डोकं मधे आलं. म्हणाले, "आरं आरं, साहेब." साहेबच म्हणाले. असू दे.

बाळूच्या घरावरून गाडी काढली, तो रानात गेला होता. त्याच्या बायकोला सांगून आलो की टाळ माळ्यावरून काढलाय. साडेपाचला अजून काही आलेलं नाही.

टाळ काशाचा आहे, आजोबांच्या वेळचा. एका वाटीला कडेला बारीक चीर गेलीय, आवाज बसका येतो. पुण्यात दोरी कुठं मिळेल? सुती हवी, नायलॉनची हाताला कापते. आणि चीर झाळून घेता येते का, की नवीन जोडच घ्यावा लागेल?

विवेकी

रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास दोऱ्यांची दुकानं आहेत, तिथं सुती मिळावी.

पारावरचा_गुरुजी

आळंदीला जा, देवळाकडं जाणाऱ्या गल्लीत टाळ-मृदंगाची दुकानं आहेत. दोरी तेच ओवून देतात. काशाला झाळ नीट बसत नाही, आवाज आणखी जाईल. चीर वाढत नसेल तर तसाच वाजवा. मागं चालणाऱ्याचा टाळ जरा बसका असला तरी चालतो.